गवाणकर मॅडमचा शेरा

गवाणकर मॅडमनी पर्समधून स्वतःचं पेन काढलं, टोपण सावकाश मागे लावलं आणि मी टाइप करून आणलेल्या 'प्रगती समाधानकारक' या दोन शब्दांवर सरळ एक रेघ ओढली.

"मॅडम," माझे मार्गदर्शक केळुसकर सर हसत म्हणाले, "पोरीनं गरम वडे आणलेत, ते तरी आधी घ्या. रेघा काय, नंतरही ओढता येतील."

"मी खाऊन आलेय," मॅडम म्हणाल्या.

ही १९९७च्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या मत्स्य महाविद्यालयात पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर एक सल्लागार समिती असे. मार्गदर्शक आणि आणखी दोघं. दर सहा महिन्यांनी त्यांनी बसायचं, काम कुठवर आलं ते बघायचं, अडलं असेल तर वाट दाखवायची आणि इतिवृत्तावर शेरा मारून सह्या करायच्या. कागदावर हे असं होतं. प्रत्यक्षात रीत अशी पडून गेली होती की इतिवृत्त विद्यार्थ्यानंच आदल्या दिवशी टाइप करून न्यायचं. जी बैठक अजून झालेली नाही तीत कोण काय म्हणालं ते आपणच ठरवायचं, शेवटी 'प्रगती समाधानकारक' लिहायचं आणि खाली तीन सह्यांना जागा सोडायची. बरोबर वडे न्यायचे, आणि वडे गार व्हायच्या आत बैठक संपलेली असायची. माझ्या पहिल्या दोन बैठका अशाच सुखात पार पडल्या होत्या, कारण तेव्हा गवाणकर मॅडम एकदा रजेवर आणि एकदा परिषदेला गेल्या होत्या.

"मयेकर, मागच्या आठवड्यात मी वाचून परत दिली ती वही दे," मॅडम म्हणाल्या. "नोव्हेंबरच्या अमावास्येचं पान काढ."

मी पान काढलं. माझा विषय तिसऱ्यांचा, म्हणजे चिखलातल्या शिंपल्यांचा होता. आमच्या खाडीतल्या तिसऱ्या नेमक्या कधी अंडी घालतात हे शोधून काढायचं, म्हणजे त्या दिवसांत त्या काढू नका असं गावाला सांगता येईल. त्यासाठी दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, जेव्हा ओहोटी सगळ्यांत लांब जाते तेव्हा, मी लोखंडी चौकट घेऊन चिखलात उतरत असे. चौकटीतल्या सगळ्या तिसऱ्या उकरायच्या, मोजायच्या, फोडून आत बघायचं, वहीत लिहायचं. तेरा महिने मी हे एकटीनं केलं होतं. पायांना चिखल्या झाल्या, नखं काळी पडली. आईला वाटायचं, मुलगी शिकायला गेली आणि तिसऱ्या काढायचीच कामं करतेय.

"ऑक्टोबरच्या अमावास्येची सरासरी लांबी सांग. आणि डिसेंबरची."

मी सांगितली.

"दोन्हींच्या बरोबर मध्ये काय येतं?"

मला हिशेब करायची गरज नव्हती. तो मी नोव्हेंबरातच केला होता. "एकतीस पूर्णांक चार."

"आणि वहीत नोव्हेंबरला काय लिहिलंयस?"

"एकतीस पूर्णांक चार."

शिरोडकर सर आमचे संख्याशास्त्राचे. एरवी ते प्रत्येक बैठकीत "सॅम्पल साइझ किती?" एवढं विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत वडा उचलत. त्यांचाही हात तिथेच थांबला.

"मी परवा खाडीवर गेले होते," मॅडम म्हणाल्या. "पार्वती घाडी म्हणून एक बाई तिसऱ्या काढतात तिथे. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, 'बाकी सगळ्या सुकतीक असता ती, पण दिवाळीच्या आवशेक तुमचा चेडू इलाच नाय.'"

पाडव्याला माझ्या बहिणीचा साखरपुडा होता, म्हणून दिवाळीच्या अमावास्येच्या ओहोटीला न जाता मी घरी गेले होते. एक ओहोटी चुकली तर कोणाचं काय बिघडतं, असं मनाशी म्हणून मी परतल्यावर एका रात्री वसतिगृहात बसून साठ तिसऱ्यांच्या लांब्या डोक्यातून काढून लिहिल्या होत्या.

"एका ओहोटीचं काय घेऊन बसलात, मॅडम," केळुसकर सर म्हणाले. "दोन डझनांच्या वर ओहोट्या केल्यात तिनं."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

बराच वेळ लिहीत होत्या. आठ-नऊ ओळी, बारीक अक्षर. लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि "नीट वाच" म्हणाल्या. मी पहिला शब्द वाचला, 'असमाधानकारक'. पुढचं काही वाचलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मॅडमसमोर गळू नये एवढीच माझी धडपड चालली होती. लागोपाठ दोन वेळा हा शेरा आला की नोंदणी रद्द, असा नियम होता. म्हणजे माझं एक पाऊल दाराबाहेर पडलंच होतं.

संध्याकाळी केळुसकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. स्वतः उठून पाण्याचा ग्लास दिला. सरांचा आवाज मऊ होता, आणि मला ते 'बाळ' म्हणत. माझे वडील मी दहावीत असताना गेले. त्यामुळे त्या एका शब्दाखातर मी त्यांच्यासाठी काहीही केलं असतं.

"बाळ, रडायचं नाही. गवाणकर मॅडम हुशार आहेत, त्यात वाद नाही. पण विद्यार्थी पुढे गेलेला त्यांना बघवत नाही. खाडीवर जाऊन चौकशी करायची म्हणजे काय? तू काय चोर आहेस?"

मला अगदी तसंच वाटत होतं. चोरी केली होती ही गोष्ट वेगळी.

"जुलैत त्या परत असाच शेरा मारणार. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"मग मी काय करू, सर?"

"समिती बदलून मागता येते. पण विद्यार्थ्यानं मागितली तरच." त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. "टाइप नको. तुझ्या हातचं असू दे, म्हणजे मनापासून आल्यासारखं दिसतं. लिही. 'डॉ. गवाणकर यांच्या मनात माझ्याविषयी पूर्वग्रह असून त्या मला मानसिक त्रास देतात.'"

माझं पेन थांबलं. "सर, त्रास असं काही..."

"मग आत्ता रडत होतीस ते काय आनंदानं?"

मी लिहिलं.

"'तरी त्यांच्या जागी अन्य सदस्याची नेमणूक व्हावी, तसेच सदर बैठकीचे इतिवृत्त रद्द समजण्यात यावे.'"

"इतिवृत्त कशाला, सर?"

"अगं, माणूस बदलला आणि शेरा तसाच राहिला तर उपयोग काय? तो पुसायलाच तर हे सगळं करतोय."

मला ते पटलं. मी सही केली. सरांनी कागद उलटसुलट बघून घडी घातली आणि म्हणाले, "आणि ती वही माझ्या कपाटात ठेव. मॅडम परत मागायला येतील. तू नाही म्हणू शकणार नाहीस, मी म्हणेन."

मी वही त्यांच्या हातात दिली. खोलीवर येऊन मॅडमच्या वाट्याचे उरलेले दोन्ही वडे खाल्ले आणि मला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

पुढचे सहा महिने छान गेले. मॅडमच्या जागी दुसऱ्या महाविद्यालयातले एक गृहस्थ आले. ते जुलैच्या बैठकीला दहा मिनिटं बसले, बसची वेळ झाली म्हणून उठले, आणि माझी प्रगती समाधानकारक झाली. नव्या नोंदी मी सुट्या कागदांवर करी आणि सरांकडे देई. ते वहीत लावून घेत. मधल्या काळात सरांचा तिसऱ्यांवरचा एक मोठा प्रकल्पही सुरू झाला होता. तो जानेवारीतच मंजूर झाला होता, आणि त्यात सरनाईक नावाचे आमचेच एक अधिव्याख्याते त्यांचे सहकारी होते.

एकदा वऱ्हांड्यात गवाणकर मॅडम समोरून आल्या. त्यांना समितीतून काढल्याचं पत्र 'प्रशासकीय कारणास्तव' असं लिहून गेलं होतं. म्हणजे कारण मी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं मी धरून चालले होते.

"मयेकर, मे महिन्यात अंडाशय रिकामे दिसले का गं?" त्यांनी विचारलं. "मला वाटतं एप्रिलच्या शेवटीच मोकळे होत असावेत. बघितलंस?"

"सरांना विचारून सांगते," मी म्हटलं आणि जिना उतरले. खरं तर मी बघितलं होतं. त्यांचा अंदाज बरोबर होता, आणि हे सांगायला त्या महाविद्यालयात त्यांच्याइतकं योग्य माणूस दुसरं नव्हतं.

सप्टेंबरात सूचनाफलकावर एक कागद लागला. सरनाईक सर प्रबंध सादर करण्यापूर्वीचं व्याख्यान देणार होते. खाली विषय होता. आमच्या खाडीचं नाव, तिसऱ्या, त्यांचा अंडी घालण्याचा काळ, एकवीस महिन्यांचा अभ्यास. मी तो तीनदा वाचला. सरनाईकांच्या पायाला खाडीचा चिखल लागलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांच्याकडे फक्त पाच वर्षांपूर्वी केलेली पीएच.डी.ची नोंदणी होती आणि अडकलेली बढती होती.

मी तशीच केबिनमध्ये गेले.

"सर, बाहेर कागद लागलाय तो माझा विषय आहे."

"बस, बाळ."

"ती माझी मोजमापं आहेत, सर."

"प्रकल्पाची आहेत."

"प्रकल्प जानेवारीत आला. त्याआधी तेरा महिने मी एकटी जात होते."

"असशील. कोण नाही म्हणतंय? पण कागद कुठे आहे?"

"वही आहे ना. तुमच्या कपाटात."

"ती प्रकल्पाची वही. पहिल्या पानावर शिक्का आहे बघ." त्यांनी कपाट उघडायची तसदीही घेतली नाही. "आणि तुझी इतिवृत्तं? पहिल्या दोन्हींत काय लिहिलंय? 'विद्यार्थिनीने कामाचा आढावा सादर केला.' कसलं काम, किती, कोणी केलं, एक शब्द नाही. तूच टाइप केलीस ना ती?"

मीच केली होती.

"हे बघ, सरनाईकांची बढती या वर्षी नाही झाली तर कायमची गेली. त्यांना बायकामुलं आहेत. तू पंचविशीची. तुला कोळंबीचा सुंदर विषय देतो. मी तुला वाऱ्यावर सोडणार आहे का?"

आवाज तोच होता, मऊ. 'बाळ' तेच होतं. गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. ती माणसाबद्दल असते हे मला त्या दिवशी कळलं. मला त्यांच्या टेबलावरचा काचेचा गोळा उचलून भिंतीवर मारावासा वाटला. मी फक्त "बरं, सर" म्हटलं. इतक्या वर्षांनी ते "बरं, सर" आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

बाहेर आल्यावर मला तिसरं इतिवृत्त आठवलं. जानेवारीचं. मॅडमनी त्यात बरंच काही लिहिलं होतं, आणि त्यांनी वही पाहिली होती एवढं तरी त्यात असणार. मी धावत कार्यालयात गेले. तिथल्या परबबाईंनी माझी फाइल शोधून काढली. कागद होता. वरून खालपर्यंत लाल शाईची तिरकी रेघ, आणि कडेला 'रद्द'.

मी उभ्या उभ्या पहिल्यांदा तो शेरा पूर्ण वाचला.

'असमाधानकारक. नोव्हेंबरच्या अमावास्येचे आकडे काढून टाकावेत व ती जागा कोरी ठेवावी. तसे करताच त्याच दिवशी हा शेरा बदलून समाधानकारक करण्यास माझी संमती आहे. वहीची पाने एक ते एकशे बारा मी वाचली आहेत. दोन ओहोट्यांना बांधावरून काम स्वतः पाहिले आहे. डिसेंबर १९९५पासूनची ही सर्व मोजमापे कु. शैला मयेकर हिने कोणत्याही प्रकल्पाच्या अथवा व्यक्तीच्या साहाय्याशिवाय एकटीने घेतलेली आहेत. ती तिच्याच प्रबंधात वापरली जावीत, अन्यत्र नव्हे, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे.'

"परबबाई, याची नक्कल मिळेल?"

"रद्द झालेल्या कागदाची नक्कल देत नाहीत." त्यांनी पान उलटलं. "आणि बाई, रद्द तुमच्याच अर्जावरून झालाय. हा काय, तुमचंच अक्षर."

मी मॅडमच्या प्रयोगशाळेत गेले तेव्हा त्या सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या. त्यांनी डोळा न उचलता समोरच्या खुर्चीकडे हात केला. मी बसले. त्यांनी हातातलं काचपात्र झाकलं, हात धुतले, पुसले आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"सूचना वाचलीस?"

"हो."

"मी सोमवारीच वाचली. मुख्य इमारतीत आधी लागली होती. मंगळवारी मी अधिष्ठात्यांकडे गेले."

माझ्या जिवात जीव आला. "माझ्यासाठी?"

"दुसरं कोणासाठी? त्यांना म्हटलं, ही मोजमापं त्या मुलीची आहेत. मी समितीत होते, मी वही पाहिलीय, जानेवारीच्या इतिवृत्तात तसं लिहिलंय. फाइल मागवा." त्या थांबल्या. "त्यांनी फाइल मागवली."

मला पुढचं कळलं.

"मला तोवर वाटत होतं, समितीतून मला केळुसकरांनी काढलं. तशा त्यांच्या वर ओळखी आहेत. त्यांच्याबाबतीत ही तिसरी खेप आहे. आधीच्या दोन मुलांचंही काम असंच इकडचं तिकडे झालं, म्हणून तर तुझ्या वेळी मी शेऱ्यात एवढं लिहिलं. वहीवर सही करायला नियमात कुठे जागा नाही, शेऱ्याला आहे. अधिष्ठात्यांनी तुझा अर्ज माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, 'मॅडम, तुम्ही जिची बाजू घेऊन आलात तिचं तुमच्याबद्दल काय म्हणणं आहे तेही बघा.'"

"मॅडम, ती वाक्यं माझी नव्हती. सरांनी सांगितली, मी लिहिली."

"ते मी ओळखलं. 'पूर्वग्रह' हा तुझा शब्द नाही. सही कोणाची?"

"माझी."

"हं."

"बैठकीत तुम्ही बोलला असतात तर..."

"त्यांच्यासमोर? बोलले असते तर तो कागद दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये राहिला असता का?" त्या म्हणाल्या. "तुला मी 'नीट वाच' म्हटलं होतं. मला वाटलं, तू वाचशील."

मी वाचलं नाही, पहिल्या शब्दापाशीच थांबले, हे मी त्यांना सांगितलं. सांगताना रडले. या खेपेला पाणी लपवायचं भान राहिलं नाही. मॅडमनी मला रडू दिलं. उठून पाणी दिलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. रडणं ओसरल्यावर म्हणाल्या, "आता काय करणार आहेस?"

"कोळंबीचा विषय घ्यावा लागेल. दुसरा मार्गदर्शक मागेन. नवी समिती नेमतील." मी नाक पुसलं. एवढ्या सगळ्या पडझडीत मला एकच जागा भक्कम दिसत होती. "मॅडम, तुम्ही याल माझ्या समितीत?"

त्यांनी विचार केला. खरोखर केला, टाळायचा म्हणून नव्हे.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मी परत कधीच..."

"ते मला माहीत आहे. राग धरलाय असं समजू नकोस. विषयात कुठे अडलीस तर ये, दार उघडं आहे, येईल तेवढं सांगेन. पण समितीत बसायचं म्हणजे तुला प्रश्न विचारायचे, आकडा खोटा वाटला तर खोटा म्हणायचं. आता विचारताना दर वेळी माझ्या मनात येईल, ही उद्या माझ्याबद्दल काय लिहून देईल. मग मी जरा जपून विचारीन. आणि जपून विचारणारी माणसं तुला काही कमी पडायची नाहीत."

त्यांनी काचपात्राचं झाकण काढलं आणि परत सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. मी उठले. मग खुर्ची जागेवर सरकवून बाहेर आले.

सरनाईक त्या वर्षी डॉक्टर झाले, मी आणखी चार वर्षांनी झाले. केळुसकर सरांनी माझा केसानं गळा कापला ही हकिगत मी पुढे अनेकांना ऐकवली. नवऱ्याला, मुलांना, बरोबर काम करणाऱ्यांना, एकदा तर बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या बाईला. प्रत्येकानं सरांना शिव्या घातल्या आणि मला बरं वाटलं. त्या प्रत्येक वेळी मी गोष्ट कार्यालयातल्या लाल रेघेपाशी संपवत आले. मॅडमच्या प्रयोगशाळेत मी गेले होते, हे आज पहिल्यांदा सांगतेय.